तांबट आळीचे हरवलेले बारा किलो

सन २०६१. हिरडेनगरातली सगळ्यात स्वच्छ आळी त्या वर्षी स्वच्छतेच्या परीक्षेत नापास झाली.

नापास म्हणजे काठावर नव्हे, चांगली सपशेल! अडतीस विभागांच्या यादीत तांबट आळी अडतिसावी. दुरुस्तीघराच्या दारावरच्या पडद्यावर सोमवारी सकाळी यादी झळकली, तेव्हा रेवा करडेने ती आधी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. कसंही वाचलं तरी आळी शेवटचीच. रेवा सहावीत होती आणि स्वतः कधी शेवटून पहिली आलेली नव्हती, त्यामुळे तिला ते फारच झोंबलं.

"असं कसं गं आत्या? आपल्या आळीत तर कागदाचा कपटासुद्धा दिसत नाही!"

मंजूआत्या पडद्याशी वाकली. यादीच्या खालची बारीक अक्षरातली सूचना ती वाचत होती. शेवटच्या विभागाचं फेरमूल्यमापन होईल (मूल्यमापन म्हणजे एखादं काम ज्यासाठी हाती घेतलं, ते साधलं की नाही हे तपासणं), आणि तेही असमाधानकारक ठरलं तर तिथलं दुरुस्तीघर बंद करून जागा कचरागाड्यांसाठी घेतली जाईल.

दुरुस्तीघर म्हणजे आळीच्या मागच्या अंगणातली एक लांबोळकी पत्र्याची शेड. गेली आठ वर्षं मंजूआत्या ते चालवत होती. बंद पडलेले पंखे, पाय मोडलेली स्टुलं, कान तुटलेल्या कढया तिथे यायच्या आणि धडधाकट होऊन परत जायच्या. शेडमागे खताचा खड्डा होता. एका कोपऱ्यात रेवाचं छोटं स्टूल आणि तिची स्वतःची हातोडी होती. शाळा सुटली की ती घरी न जाता आधी तिथे जायची. आता तेच बंद पडण्याची वेळ आली होती.

दुपारी मापाडी आला. मापाडी हा नगरपालिकेच्या मूल्यमापन कार्यालयाचा यंत्रमानव. तीन चाकं, शाळेच्या बाकाएवढी उंची आणि पोटाच्या जागी एक रुंद तराजू. बोलायचा मात्र जुन्या काळच्या कारकुनासारखा.

"नमस्कार. सदर आळीत माझा मुक्काम दहा दिवस राहील. कृपया मला चार्जिंगसाठी एक खुंटी द्यावी. चहा नको, मी घेत नाही."

त्याला विचारलं, तेव्हा गुणांचं गणित त्याने लगेच सांगितलं. प्रत्येक विभाग दर आठवड्याला वेगवेगळा केलेला कचरा गाडीत देतो. त्याचं वजन जितकं जास्त, तितके गुण जास्त. शंका येईल असा मिश्र कचरा आढळला की गुण वजा.

"तांबट आळीत चाळीस घरं," मापाडी म्हणाला. "आठवड्याचा कचरा नऊ किलो. पहिल्या आलेल्या वसाहतीतही चाळीसच घरं. आठवड्याचा कचरा नऊशे किलो. निष्कर्ष, आपल्याकडे धोरण राबवलं जात नाही."

गजाननकाका निजामपूरकर तिथेच तांब्याच्या भांड्याला ठोके घालत बसले होते. आळीत त्यांच्याइतका वडीलधारा माणूस दुसरा नव्हता आणि त्यांच्याइतका तडकाफडकी निर्णय घेणाराही. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"एवढंच ना? कचरा हवाय ना त्यांना? मग देऊ या की कचरा! उद्या सकाळी प्रत्येक घरानं पाच पाच किलो कचरा काढायचा. बघतोच कसं शेवटचं ठेवतात ते!"

सगळ्यांना ते पटलं. मात्र पिढ्यान्पिढ्या तांब्याचा बारीकसा तुकडाही फुंकर मारून उचलून ठेवणाऱ्या माणसांना कचरा करता येतो का, हा विचार कुणीच केला नाही.

मंगळवारी सकाळी चौकात ढीग जमू लागला. जुन्या बरण्या, पुठ्ठे, चपला, फाटकी चादर. दहा वाजता मापाडीने तोलून सांगितलं, "एकशे साठ किलो." आळीने टाळ्या वाजवल्या. मग लोक ढिगाभोवती नुसतेच उभे राहिले, आणि घोटाळा तिथेच झाला.

"अहो, ही बरणी कुणी टाकली? चांगली झाकणाची आहे की!"

"हा पुठ्ठा राहू द्या हं, मला भांडी बांधायला लागतो."

"चादर काय म्हणून टाकायची? चार फडकी निघतील त्यात."

जो तो दुसऱ्याचं टाकलेलं उचलू लागला. खुद्द गजाननकाकांनी एक चपलेचा जोड काखेत मारला आणि वर रेवाला म्हणाले, "माझाच आहे गं. चुकून आला." चहाची वेळ होईपर्यंत ढिगात उरला एक फुटका आरसा, दोन वेष्टनं आणि थोडी धूळ.

"सहा किलो," मापाडी म्हणाला. "नेहमीपेक्षाही तीन कमी."

रेवाला इतकं हसू आलं की तिने चौकातच बसकण मारली. हसता हसता तिच्या डोक्यात मात्र एक प्रश्न अडकला. ती मापाडीजवळ गेली.

"मापाडी, समजा ते एकशे साठ किलो गाडीत गेलेच असते, तर?"

"तर आळी एकतिसाव्या क्रमांकावर गेली असती."

"आणि ते एकशे साठ किलो कुठे गेले असते?"

"बहुतांश टेकडीवर."

टेकडी म्हणजे शहराच्या उत्तरेचा कचऱ्याचा डोंगर. हिरडेनगरात किल्ला नव्हता, पण टेकडी किल्ल्याएवढी होती. तिच्या पायथ्याशी पांढरा खांब रोवून त्यावर उंचीच्या खुणा केल्या होत्या आणि दर वर्षी खूण वरच सरकत होती. या सगळ्या धोरणाचं नावच मुळी 'टेकडी थांबवा' असं होतं.

"म्हणजे आमचे गुण वाढले असते आणि टेकडीही वाढली असती?" रेवाने विचारलं. "मग धोरण साधलं की बिघडलं?"

मापाडीच्या डोळ्यांतला हिरवा दिवा बराच वेळ लुकलुकला.

"माझ्या तक्त्यात या प्रश्नासाठी रकाना नाही," तो शेवटी म्हणाला. एवढा ठाम बोलणारा यंत्रमानव, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

संध्याकाळी तो खुंटीला लागून बसला असताना रेवाने आपलं स्टूल त्याच्यापाशी ओढलं, आणि दोघांनी मिळून पहिल्यापासून विचार केला.

"वजन हा आपला निर्देशक आहे," मापाडी म्हणाला. (निर्देशक म्हणजे जे थेट दिसत नाही, ते ज्याच्यावरून ओळखायचं असं माप.) "अंगात ताप किती हे थर्मामीटरच्या आकड्यावरून ओळखतात, तसं."

"हो, पण थर्मामीटर गरम चहात बुडवून शाळा बुडवता येते," रेवा म्हणाली. तिला हे कसं ठाऊक, ते आपण विचारू नये. "आकडा वाढतो, ताप नसतो. आज आम्ही तेच करायला निघालो होतो."

"बरोबर. आकडाच गाठायचा असं ठरलं की माणसं आकड्याच्या मागे लागतात. ज्यासाठी तो मोजायचा, ते बाजूला राहतं."

"मग मोजायचं तरी काय?"

"टेकडीवर काय गेलं, ते. आणि टेकडीवर गेलं नाही ते खरोखर वाचलं, की कुठे लपलं, तेही. यासाठी एक जुनी, भरवशाची रीत आहे. वस्तुमान संतुलन. (वस्तुमान म्हणजे एखाद्या वस्तूत भरलेला ऐवज; रोजच्या व्यवहारात आपण तो वजनावरून मोजतो.) वस्तू आपोआप नाहीशी होत नाही. तिचं रूप बदलेल, जागा बदलेल, पण ती कुठेतरी असतेच."

रेवाने जरा विचार केला. "आमच्या गच्चीवरच्या टाकीसारखं? टाकीत शंभर बादल्या पाणी आलं. सत्तर नळाने गेलं, वीस टाकीत आहे. तर उरलेल्या दहा बादल्या कुठेतरी गळतायत."

"रेवाताई," मापाडी म्हणाला, "कार्यालयात हे समजवायला मला बावीस पानं लागली होती."

दुसऱ्या दिवसापासून मापाडी आळीच्या तोंडाशी ठाण मांडून बसला. खाऊन संपणारं सोडून, आळीत येणारं सगळं तोलायचं. आळीतून बाहेर जाणारं तोलायचं. खतात टाकण्याआधी साली आणि देठ तोलायचे. सात दिवस. पहिल्या दिवशी बायका वैतागल्या. "आता मेथीच्या देठांचंपण वजन का रे बाबा?" मापाडी प्रत्येकीला "सहकार्याबद्दल आभारी आहे" म्हणायचा, त्यामुळे भांडण काही रंगत नसे. तिसऱ्या दिवशी लोक आपण होऊन थांबू लागले. पाचव्या दिवशी गजाननकाका जाता येता स्वतःच तराजूवर चढून पाहू लागले, म्हणून मापाडीला त्यांना वगळण्याची वेगळी नोंद करावी लागली.

बुधवारी दुपारी सात दिवस पुरे झाले. रेवाने फळ्यावर खडूने आकडे लिहिले.

आत आलं एकूण तीनशे बाहत्तर किलो. त्यात तांब्याचे पत्रे दोनशे दहा. त्यांतली दोनशे चारची भांडी होऊन बाजारात गेली, सहा किलो तुकडे वितळवण्यासाठी डब्यात जपून ठेवलेले. भाजीचे देठ आणि साली शहाण्णव, सगळ्या खतात. पुठ्ठे आणि वेष्टनं चाळीस, त्यांतली एकतीस पुन्हा वापरात, नऊ गाडीत. जुने कपडे आणि चिंध्या चौदा, ते बोहारणीने नेले.

"बघ! टेकडीवर फार तर नऊ किलो!" रेवा आनंदाने नाचायचीच बाकी होती. "आणि त्या पहिल्या वसाहतीचं जवळजवळ सगळंच!"

"बेरीज करा, रेवाताई."

तिने केली. दोनशे दहा, शहाण्णव, चाळीस, चौदा. तीनशे साठ.

"आत तीनशे बाहत्तर," मापाडी म्हणाला. "हिशेब लागला तीनशे साठचा. बारा किलोंचा ताळा जुळत नाही. ते बारा किलो आहेत घासचकत्या. नव्या आल्या, तेवढ्याच झिजलेल्या निघाल्या असणार. त्या आळीबाहेर गेल्या नाहीत, आणि आळीत मला दिसत नाहीत."

घासचकती म्हणजे भांड्याला चकाकी आणण्यासाठी चाकावर बसवतात ती जाड चकती. कापड आणि प्लॅस्टिक घट्ट चिकटवून केलेली. झिजली की ना ती कापड म्हणून चालते, ना प्लॅस्टिक म्हणून.

रेवा शेडमागे जाऊन विचार करत बसली. तिथे खताच्या खड्ड्यापलीकडे एक जुना, कोरडा आड होता, लोखंडी झाकण आणि कुलूप घातलेला. लहानपणी ती आणि मैत्रिणी झाकणाच्या फटीतून खडा टाकायच्या आणि आवाज येईपर्यंत मोजायच्या. एक, दोन, आणि मग खालून 'ठक्'. खेळ आठवून तिने सहज एक खडा उचलला आणि फटीतून सोडला.

'एक' म्हणायच्या आतच आवाज आला. तोही 'ठक्' नव्हता. मऊ, भुसभुशीत.

खडा पडायला वेळ कमी लागला, म्हणजे त्याला पडायला जागाच कमी होती. आड भरत आला होता! रेवाने फटीला डोळा लावला. हातभर खाली काळ्या चकत्यांचा खच पडला होता.

तिला एकदम रडू आलं. झाकणाची किल्ली एकाच माणसाकडे असायची.

मंजूआत्या कढईला कान बसवत होती. रेवाचा चेहरा पाहूनच ती समजली.

"पाहिलंस?"

"का गं आत्या?"

"आळीभरच्या झिजलेल्या चकत्या माझ्याकडेच जमतात. सुरुवातीला मी त्या गाडीतच देत होते," आत्या खाली बघतच म्हणाली. "गाडीवाला म्हणायचा, हा मिश्र कचरा. दर वेळी आळीचे गुण कापायचे. मला वाटलं, तात्पुरत्या आडात ठेवू, काहीतरी मार्ग निघेल. त्याला पाच वर्षं झाली. उद्या कार्यालयातून तपासायला अंबिकेबाई येणार आहेत. हे कळलं तर दुरुस्तीघर गेलंच म्हणून समज."

रेवा आत्याच्या शेजारी बसली. आत्याची लाज तिला दिसत होती, आणि आपलं छोटं स्टूलही दिसत होतं. गप्प राहणं किती सोपं होतं! बारा किलोच तर होते.

"पण आत्या," ती हळूच म्हणाली, "ते बारा किलो कुठे गेले हे आपण सांगितलं नाही, तर बाकीचे तीनशे साठ तरी खरे, हे कोण मानणार?"

आत्या पुन्हा कढईवर वाकली. कढईचा कान मात्र त्या दिवशी तिरका बसला.

गुरुवारी अंबिकेबाई आल्या. मूल्यमापन कार्यालयाच्या त्या प्रमुख. ठेंगण्या, चष्मा कपाळावर, आणि चेहरा असा की समोरच्याला आपली वही अपुरी असल्यासारखं वाटावं. त्यांनी फळ्यावरचे आकडे नीट वाचले. रेवाने टाकीचं उदाहरण देऊन सगळं समजावलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आणि हे बारा?"

रेवाने आत्याकडे पाहिलं. मंजूआत्या उठली, पदराला हात पुसले, आणि कंबरेची किल्ली काढून तिने बाईंच्या हातावर ठेवली.

"ते आडात आहेत. दर आठवड्याचे बारा, पाच वर्षांचे. मी टाकलेत. आळीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. काय करायचं ते माझं करा, पण दुरुस्तीघर चालू ठेवा."

गजाननकाकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

बाई आडापर्यंत गेल्या, वाकून पाहून आल्या आणि चक्क रेवाच्या स्टुलावर बसल्या.

"वजनाचा नियम कुणी केला, माहितेय?" त्यांनी विचारलं. "मी. दहा वर्षांपूर्वी. तेव्हा लोक कचरा ओढ्यात टाकायचे. गाडीत जितका जास्त येईल, तितका ओढा मोकळा, असं ते साधं गणित होतं. तेव्हा ते बरोबरही होतं. ओढा केव्हाच स्वच्छ झाला, पण माप बदलायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. मिश्र कचऱ्याला गुण कापायचे, हेही माझंच. म्हणजे या चकत्या आडात ढकलायला थोडा हात माझाही लागलाय."

त्या मापाडीकडे वळल्या. "बाकीच्या सदतीस विभागांच्या अहवालांत ताळा किती जुळतो रे?"

"तो कुणी मांडलेलाच नाही, बाई. रकाना नव्हता."

"मग मांड आता. तुला रकाना मिळेल."

तीन महिने लागले. मापाडीचे भाईबंद शहराच्या प्रत्येक विभागात ठाण मांडून बसले. नवी यादी लागली ती माणशी किती किलो टेकडीवर गेलं यावर, आणि शेजारी दुसरा रकाना होता, किती किलोंचा पत्ता लागत नाही यावर. तांबट आळी पहिली आली नाही. आडातल्या चकत्या तिच्या नावावर धरल्या गेल्या, त्यामुळे ती चौथी आली. रेवाला थोडी चुटपुट लागली, नाही असं नाही. पण हा चौथा क्रमांक खरा होता, आणि दुरुस्तीघराच्या दारावरची बंद करण्याची सूचना गेली होती.

शिवाय दुरुस्तीघराला नवं काम मिळालं. नगरपालिकेच्या प्रयोगशाळेने चकत्यांमधलं कापड आणि प्लॅस्टिक वाफेने सुटं करण्याचं यंत्र धाडलं. सुट्या झालेल्या कापडातून मंजूआत्या पुन्हा चकत्या बनवू लागली, या वेळी प्लॅस्टिकऐवजी डिंक लावून. पहिल्या दहा चकत्या मधूनच फाटल्या. अकरावी टिकली, आणि गजाननकाकांनी तिच्यावर घासलेला तांब्या सगळ्या आळीत फिरवून दाखवला.

आणि टेकडीच्या पायथ्याशी, पांढऱ्या खांबावर, त्या वर्षीची खूण आधीच्या खुणेच्या दोन बोटं खाली पडली. दोनच बोटं! पण ती पाहायला शाळांच्या सहली गेल्या.

आड रिकामा व्हायला मात्र दिवाळीची सुट्टी उजाडली. शेवटची टोपली वर आली, तसं मंजूआत्याने झाकण पूर्ण बाजूला केलं आणि रेवाच्या हातात एक खडा दिला.

"टाक."

मापाडी मुद्दाम आला होता. "मी वेळ मोजतो," तो म्हणाला. "खडा पडायला लागणाऱ्या वेळावरून आडाची खोली काढता येते. त्याचंही एक सूत्र आहे, रेवाताई, ते मी आपल्याला..."

"आधी ऐकू दे रे!"

रेवाने खडा सोडला. सगळे वाकून कान देऊन उभे राहिले. एक. दोन.

'ठक्' असं आलंच नाही. खालून, खूप खालून, आवाज आला, "डुबुक्!"

इतकी वर्षं कोरड्या पडलेल्या आडात, चकत्यांसोबत तळाचा गाळही उपसला गेल्यावर, झऱ्याने पुन्हा वाट काढली होती. मंजूआत्या कठड्यावर हात टेकून हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"हे पाणी," मापाडी गंभीरपणे म्हणाला, "आत आलेल्यात धरायचं?"

"धर की," रेवा म्हणाली, आणि तिने दुसरा खडा उचलला.